दारावर लावायचा फोटो

"बोटांनी ओढून मोठं करू नका हो. दोन पावलं पुढे जा की! तो काही चावणार नाही… गेलाय बिचारा."

नेव्हेना दचकली. हातातला फोन पडता पडता वाचला.

बेकरीच्या दारावर मित्को काकांच्या निधनाचा कागद होता, त्याचाच ती फोटो घेत होती. लोव्हेच गावात माणूस गेला की त्याचा काळापांढरा फोटो, नाव आणि अंत्यविधीचा दिवस असा कागद दारांवर, झाडांवर, बसथांब्यावर लागतो आणि वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात राहतो. मित्को काकांचा फोटो कुठल्याशा लग्नातून कापलेला होता. एक डोळा मिटलेला, आणि खांद्यावर भलत्याच बाईचा हात.

"माझे काका आहेत ते," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"अरे देवा… माफ करा." पाव काखेत धरून उभ्या असलेल्या त्या तरुणाचे कान लालबुंद झाले. "मी दामियान. वाचनालयात फोनवर फोटो काढायला शिकवतो. सवयीने निघालं तोंडातून."

"मग हा हात कोणाचा, तेही शिकवा!"

तो हसला. तीही हसली… आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. परक्या माणसापुढे असं व्हावं, याची तिला कोण लाज वाटली! पण तिने सांगून टाकलं. बुधवारी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन, तिकडे राजधानीत, सोफियाला. त्यासाठीच ती तिथल्या नोकरीतून रजा काढून गावी आली होती. आणि बाबांचा हट्ट एकच — 'माझा चांगला फोटो काढ, नेव्हे. वेळ आलीच तर मी मित्कोसारखा दारावर लटकणार नाही.'

"शनिवारी या वर्गाला," दामियान हळूच म्हणाला.

ती गेली. वर्गात सगळी पेन्शनर मंडळी होती. कोणी मांजराचे फोटो काढत होतं, कोणी टोमॅटोचे. "आधी भिंग पुसा," दामियान ओरडून सांगत होता, "सगळ्या जगावर धुकं पडलेलं नसतं, तुमच्या बोटांचं लोणी असतं ते!" नेव्हेनाने भिंग पुसलं, उजेडाकडे तोंड करायला शिकली, पडद्यावर चौकटीच्या रेघा आणायला शिकली. तरी तिचा प्रत्येक फोटो हललेला.

वर्ग सुटल्यावर तो तिच्याशेजारी येऊन बसला.

"तुमचा हात हलत नाही. तुम्ही हलवता."

तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "चांगला फोटो निघाला की सगळी तयारी झाली… आणि तयारी झाली की ते घडतंच. असं वाटतं मला. वेडेपणा आहे, ठाऊक आहे."

तो हसला नाही. तिला त्याचं हेच आवडलं — फार आवडलं, आणि त्याचीही भीती वाटली.

"मग दारासाठी काढूच नकोस," तो म्हणाला. "तुझ्यासाठी काढ." तो अहो-जाहोवरून कधी उतरला, दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. सप्टेंबर होता. गल्लीभर भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटलेला. बोयको बाबा कोट घालून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसले होते, ताठ, पोलिसांनी पकडून आणल्यासारखे.

"श्वास सोड… आणि मग दाब," दामियान नेव्हेनाच्या कानाशी कुजबुजला. त्याने तिचा कोपर खालून अलगद धरला होता.

"काय रे, फोटो काढायला पोरीचा कोपर धरावा लागतो का?" बाबांनी विचारलं.

"हात स्थिर राहतो, काका."

"तिचा की तुझा?"

आणि स्वतःच्याच विनोदावर बाबा असे काही खदखदून हसले, की नेव्हेनाचा अंगठा आपोआप दाबला गेला. निघाला! डोळ्यांत खिडकीचा उजेड, सुरकुत्यांत हसू.

"हा माणूस मरायला फारच देखणा आहे," बाबा फोन निरखत म्हणाले. दामियानने वर्गासाठी तो फोटो मागितला. तिने पाठवला. आता तयारी झाली होती.

बुधवारी, इस्पितळाच्या बाकावर ती जीव मुठीत धरून बसली होती. बाबांना आत नेऊन बराच वेळ झाला होता. फोन वाजला. शेजारच्या पेनका मावशी रडत होत्या.

"नेव्हे, बाळा… देव त्याला शांती देवो गं. शनिवारीच ठेवलंय ना?"

गावाला कळलं, आणि तिला नाही? ती बंद दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. "माझे बाबा गेले! मला का नाही सांगितलं?"

नर्स धावत आली, तिला बाकावर बसवून आत गेली. नेव्हेना देवाचं नाव घेऊ पाहत होती, तेही आठवेना. अखेर नर्स बाहेर आली.

"कोणी सांगितलं गेले म्हणून? हृदय छान चाललंय त्यांचं. टाके घालतायत."

मग कुठे नेव्हेनाने पेनका मावशींनी फोननंतर लगेच पाठवलेला फोटो उघडला. वाचनालयाचं दार. त्यावर बाबांचं हसणं, काळ्यापांढऱ्यात. खाली मोठ्या अक्षरांत 'बोयको', आणि त्याखाली — 'शनिवारी अकरा वाजता अवश्य या.' पायरीवर मेणबत्त्यांची रांग लागली होती.

दामियान संध्याकाळी धापा टाकत इस्पितळात पोचला. चेहरा पांढराफटक.

"रंगीत शाई संपली होती, नेव्हेना… वर्गाची जाहिरात होती ती! माझ्या डोक्यातच आलं नाही. मेणबत्त्या दिसल्या तेव्हा मीच मेलो."

"माझ्या बाबांना दारावर लावलंस तू! मी काय सोसलं इथे, कळतंय?" "का लावलास? दुसरे फोटो नव्हते? मांजरं होती, टोमॅटो होते!"

"होते." त्याने मान खाली घातली. "पण तो तू काढलेला होता. तू आता सोफियालाच राहशील, परत येणार नाहीस… ही भीती बसली होती मनात. रोज दार उघडताना तुझं काहीतरी दिसावं, एवढंच. प्रेम करतो मी तुझ्यावर. आता दे शिव्या."

शिव्या तोंडाशी आल्या होत्या.

दार उघडलं. "शुद्धीवर आलेत," नर्स म्हणाली. "पाचच मिनिटं. आणि फक्त घरची माणसं." तिने दामियानकडे पाहिलं. "हे कोण?"

दामियान मागे सरला. भिंतीला टेकला.

बाबा जिवंत होते. आता एका माणसाच्या जागी दोन माणसांसाठी जीव टांगणीला लागणार, जन्मभर, हे नेव्हेनाला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि ती भलतीच घाबरली. घाबरत घाबरतच तिने हात लांब करून त्याची बाही पकडली.

"घरचाच आहे," ती म्हणाली.