वही नंबर दहा

२००५ सालची गोष्ट. तेव्हा मोबाईलच्या पडद्यावर टॉवरच्या गावाचं नाव उमटायचं. जीप नारायणगावातून सुटली की थोड्या वेळानं ते नाव जाऊन पिंपळवंडी यायचं. सिद्धीचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट त्यावरच होता. फोन आत्ता कुठल्या टॉवरखाली आहे, त्यावरून पुढं कुठं जाईल ते कॉम्प्युटरनं आधीच सांगायचं. शफीभाईच्या जीपमधल्या रोजच्या दहा प्रवाशांना तिनं वह्या दिल्या. नाव बदललं की वेळ टिपायची, बस्स.

नऊ वह्या भरून आल्या, दहावी कोरीच. सरांनी बजावलं होतं, दहापेक्षा एक जरी कमी पडला तर प्रोजेक्ट घेणार नाही. म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात! मग सिद्धीनं वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर बसून एक माणूसच रचला. नाव भिमाजी. सातला नारायणगावच्या स्टँडवर चढतो, पिंपळवंडीला चहा घेतो, आळेफाट्याला उतरतो. वही कपाटात, कुलूप लावून.

सोमवारी शफीभाई म्हणाला, "ताई, तुमचं ते भिमाजी लई गुणाचं माणूस. घड्याळ लावल्यागत उतरतं."

"कोण भिमाजी?"

"आवो, दहा नंबरचं!"

हे नाव तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं-खोटं बघायला तिनं बुधवारच्या रकान्यात आळेफाट्याच्या पुढं बेल्हे लिहिलं.

बुधवारी शफीभाई हळूच म्हणाला, "आज ते बेल्ह्याच्या गाडीत बसलं. तिकडं माझं कुणी न्हाई, म्हणत व्हतं. डोळ्यांत पाणी व्हतं त्याच्या."

तिनं त्याच दुपारी वही फाडली, कॉम्प्युटरवरून दहावा नंबर पुसला. वर्ष गेलं तर गेलं, सरांना सगळं सांगून टाकू. तिला मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीशी एक बाई उभी होती.

"मी लंकाबाई. भिमाजीची बायकू. कालपासनं त्यांचा फोन लागंना."

सिद्धीची नजर रिकाम्या कपाटाकडं गेली.

"तुमी लिवायच्या तसंच जायाचे ते. मी काय भांडाया न्हाई आले. तेवढं घरी यायला लिवा."

सिद्धीनं नवी वही ओढली. "गाव कोणतं तुमचं?"



"त्ये तर तुमी लिवलंच न्हाई, ताई."