अक्षताच्या ऑफिसची राखण

घाटकोपरला भटवाडीत, फरसाणच्या दुकानावरच्या खोलीत माझ्या नातीचं, अक्षताचं, ऑफिस आहे. डॉक्टर बोलून ठेवतात ते ऐकून इथल्या मुली रिपोर्ट टाइप करतात आणि मुलुंडच्या एका हॉस्पिटलला पाठवतात. खोलीत सकाळपासून तापलेल्या तेलाचा आणि हिंगाचा वास असतो. गिरणी बंद पडल्यावर, पन्नाशीत, मी अक्षरं शिकलो. तेव्हापासून पडद्यावर कुणी काही लिहीत असलं की मला बघत बसायला आवडतं, म्हणून दुपारी जेवून मी तिथे जातो.

दिवाळी संपली आणि एका सकाळी सगळ्या कॉम्प्युटरचे पडदे काळेच उघडले. कुणीतरी कुठूनतरी आत शिरून सगळ्या रिपोर्टांना कुलूप घातलं होतं. किल्ली हवी तर पैसे पाठवा, असं इंग्रजीत लिहिलेलं. अक्षताने पाठवले नाहीत. चोराला एकदा जेवू घातलं की तो रोज पान मांडून बसतो, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. पण एवढ्या वर्षांचं काम गेलं ते गेलंच.

हॉस्पिटलने तिला एक संधी दिली. नेटवर्क नव्याने आखा, आमचा माणूस येऊन ते फोडून बघेल. त्याला फोडता आलं तर तुमचं काम बंद. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काम बंद म्हणजे ऑफिस बंद.

अक्षताने खडू घेतला आणि फरशीवरच आखणी सुरू केली. तिचा मावसभाऊ सिद्धेश वायरिंगचं काम करतो, तो शेजारी उकिडवा बसला.

"हा राउटर. बाहेरची लाइन इथे येऊन थांबते."

"म्हणजे वेस," मी म्हणालो.

"हां आबा, वेस. आत तीन वाड्या. रिपोर्टचे कॉम्प्युटर पहिल्या वाडीत, वायरने जोडलेले. कॅमेरा दुसरीत. पाहुण्यांचं वाय-फाय तिसरीत. या वाडीतला त्या वाडीत फिरकणार नाही."

"आणि प्रिंटर?" सिद्धेशने विचारलं.

"आमच्या वाडीत. पाहुण्याला प्रिंट हवी असेल तर खाली झेरॉक्सवाला आहे."

"कंजूस."

"गप रे. गेल्या वेळी राउटरचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार कोणी ठेवला होता?"

"तो कंपनीतूनच तसा आला होता!"

"आणि तू तो बदललास का? लागली ना माझी वाट?"

नवा पासवर्ड मी दिला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, आमच्या मालवणीतले. ते इथे लिहिणार नाही. रोज संध्याकाळी कामाची एक नक्कल डिस्कवर उतरवायची आणि ती डिस्क घरी न्यायची, असंही ठरलं.

सगळं जोडून झालं तेव्हा अक्षता म्हणाली, "आबा, घाला गाऱ्हाणं."

आमच्यात नवीन काही सुरू करताना गाऱ्हाणं घालतात. नांगर असो, दुकान असो, रिक्षा असो. जागेच्या राखणदाराला, वेशीवर बसणाऱ्या म्हाताऱ्याला, हाक मारायची, काम सांगायचं, आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा. मी राउटरपुढे नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज नव्या कामाक हात घातलेलो असा. हयच्या चारय वाटांची राखण तू कर. जो कोण वाकड्या नदरेन येयत, तेची वाट चुकव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं तिथेच संपवायचं असतं. ज्या कामाला नारळ ठेवला तेवढंच मागायचं, असं माझा बाप सांगायचा. पण नातीचा उतरलेला चेहरा समोर होता. मला राहवलं नाही, गेलेलं परत आणायलाही मी सांगून टाकलं.

"आणि जां गेला तां, जेणां नेल्यान तेच्याकडसून परत हाड म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोघंही जोरात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश लॅपटॉपवर नेटवर्कला काय काय जोडलंय त्याची यादी तपासत होता. "ही वरची ओळ कुणाची?"

त्या ओळीला नाव नव्हतं. त्याने प्रिंटर काढला, कॅमेरा काढला, एकेक कॉम्प्युटर काढला. ओळ हलली नाही. शेवटी त्याने राउटरच बदलून आणला. नवा राउटर चालू केला, तर कॉम्प्युटर जोडण्याआधीच ती ओळ वर येऊन बसली होती.

"काहीतरी लोचा आहे यार," तो म्हणाला.

मी स्विचकडे बघत होतो. वायरी जिथे खोचतात त्या डबीवर हिरवे दिवे असतात. एरवी ते चुलीतल्या ठिणग्यांसारखे कसेही लुकलुकतात. आता एका वेळी एकच पेटत होता. डावीकडून उजवीकडे, सावकाश. बाहेरच्या लाइनपाशी तो जरा थांबायचा आणि मागे फिरायचा. गस्तीचा माणूस वेशीवर थांबून अंधारात बघतो, तसा. खोलीत हिंगाचा वास नव्हता. ओल्या राखेचा होता.

हॉस्पिटलचा माणूस आला तो तरुण होता. अनिरुद्ध नाव. चहा घेतला, हसला, पाहुण्यांच्या खुर्चीत बसून कामाला लागला. दुपार होईपर्यंत त्याचं हसणं गेलं.

"मॅडम, आत कोणी बसवलंय का तुम्ही?"

"कोण बसवणार? आम्हीच आहोत."

"मला फट दिसते. मी हात घालायला जातो, तर तिथे आधीच कुणीतरी असतं."

"चांगलंच आहे ना मग?" सिद्धेश म्हणाला.

अनिरुद्धने दुसरी वाट धरली. मग तिसरी.

दिवा फिरत होता. आता तो पाहुण्यांच्या वाडीपाशी थांबला होता.

"हे मलाच चाचपतंय," अनिरुद्ध हळूच म्हणाला.

त्याने लॅपटॉप मिटला. मिटलेल्या लॅपटॉपवर थोडा वेळ हात दाबून धरला.

"पास," तो म्हणाला. "पास आहात तुम्ही."

अक्षताने अशी किंकाळी फोडली की खालचा फरसाणवाला जिलेबीचा झारा घेऊनच वर आला. सिद्धेश खुर्चीवर चढून नाचला. जिलेबी आली, गाठिया आले. मुलींनी मला मधे उभं करून फोटो काढले. गिरणी बंद पडल्यापासून माझा ऊर एवढा कधी भरून आला नव्हता.

त्या गडबडीत मी एकदा स्विचकडे पाहिलं. दिवा डावीकडून उजवीकडे आला. बाहेरच्या लाइनपाशी थांबला.

मागे फिरला नाही.

"बघा आबा, गेली ती ओळ," सिद्धेश लॅपटॉप दाखवत म्हणाला. "म्हटलं ना, लोचा होता."

जानेवारीत त्याने कुलूप लागलेला एक जुना कॉम्प्युटर पुसून टाकायला म्हणून काढला. तो चालू केला आणि त्याने अक्षताला नुसती हाक मारली.

सगळे रिपोर्ट उघडत होते. सगळ्या वर्षांचे.

"आबा! आलं सगळं! एक पैसा न देता आलं!" अक्षता माझ्या गळ्यात पडून रडली. हॉस्पिटलला फोन झाला. तिकडूनही टाळ्या ऐकू आल्या. पुढच्या वर्षाचं कामही त्यांनी तिथल्या तिथे तिलाच दिलं.

रिपोर्टांच्या शेवटी मराठीत लिहिलेला एक मजकूर होता. मशीनने भाषांतर केल्यासारखा.

'आम्ही सर्व परत दिले आहे. कृपया दारातील वृद्ध माणसाला परत बोलवा. तो आत येत नाही. तो जात नाही. आमची मुले जेवत नाहीत.'

"भेजा सटकलाय साल्यांचा," सिद्धेश हसला. अक्षताही हसली.

खाली एक फोटो होता. कुठल्यातरी थंड गावातलं निळं दार, आणि पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ. सगळ्यात वरच्या पायरीवर माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा कोरडी होती. बाकीच्या बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं. येणाराचंही नाही आणि घरातून बाहेर पडणाराचंही नाही.