काकडं न घातलेली शेवळं

जव्हारच्या एसटी स्टँडवर बारीक भुरभुर लागली होती. रंजना पिशवी पोटाशी धरून बाकड्यावर बसली होती, तेवढ्यात एक उंच पोरगा आला, त्यानं भिजलेले केस झटकले आणि निम्मं पाणी हिच्याच तोंडावर उडवलं.

"डोळे घरी ठेवून आलात का?" ती फणकारली.

"चुकलं, ताई." तो हसला... हसणं गोड होतं मेल्याचं. "तुम्ही साखरशेतकडच्या का? तिथं फोनवरून शेवळं विकणारी बाई कोण, सांगाल?"

रंजनानं पिशवी आणखी घट्ट धरली. "कशाला हवीय?"

"भांडायला! मी कमलेश, ठाण्याला वॉचमन आहे. सोसायटीतल्या मॅडमना मीच म्हटलं, आमच्याकडची रानभाजी मागवा, मटण विसराल. खाल्ली, आणि एकेकीचा घसा असा खाजला... नरसाळ्यानं ताक ओतायची पाळी! कसली बाई आहे ती?"

"मी नाय ओळखत," रंजना म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"थांबा, फोनच लावतो."

लावला. हिच्या पिशवीत गाणं सुरू झालं. हिनं पिशवी दाबली, तर गाणं आणखी मोठ्यानं! माणसं वळून बघायला लागली. पोरीला वाटलं, बाकड्याखाली शिरावं.

आता तिनं काही चोरी केली नव्हती, हे सांगायला हवं. ती कामाला जायची ती वाड्याकडची कंपनी बंद पडली, पगार गेला. घरात बसून टिपं गाळण्यापेक्षा हिनं रानातली शेवळं काढली, फोनवर फोटो टाकला आणि ऑर्डरी घेतल्या. आलेल्या पैशाचे वाटे घालायची – एक घराला, एक एसटीच्या भाड्याला, आणि एक बँकेत, त्याला हात लावायचा नाही. मोठ्या पगारदारांना जमत नाही ते. पण धंद्याला फोटो लावला होता कॅलेंडरवरच्या बाईचा. स्वतःचं तोंड दाखवायची लाज!

"त्यांनी काकडं नाय घातली का?" ती पुटपुटली.

"काय नाही घातलं?"

"काकडं! आंबट फळं असतात ती. त्याबिगर शेवळं खाजणारच. हे काय सांगायला लागतं कुणाला?"

"ठाण्याच्या मॅडमना लागतं."

"आणि तुम्ही कुठले?"

"मोखाड्याचा..." त्याची मान खाली गेली. "आई शिजवते. मी खातो."

"मग भांडायला कुठल्या तोंडानं आलात?"

दोघंही हसली. पण हसून झाल्यावर रंजनाचे कान तापले. बायकांनी विश्वासानं घेतलं होतं. तिनं तिथंच फोन काढला आणि बँकेतला वाटा मोडून एकेकीचे पैसे परत केले.

समोरची मोखाड्याची गाडी सुटली, कमलेश जागचा हलला नाही. मग हळूच म्हणाला, "पैसे गेले, पण नाव खराब झालं ते राहिलंच. व्हिडिओ कर. तोंड दाखवून."

"मी नाय! हे असलं तोंड..."

"त्या कॅलेंडरवालीपेक्षा बरं आहे तुझं."

"ताईवरून एकदम तुझं?"

"मोखाड्याच्या दोन गाड्या सोडल्या मी इथं. तेवढा हक्क नाही का?"

रंजना लाजली, नजर फिरवली... आणि भिंतीपुढं उभी राहिली. त्यानं फोन धरला.

"मी रंजना, साखरशेतची. शेवळं मी पाठवली, त्यात काकडं घालायला सांगितलं नाही. चूक माझी. तुमच्या वॉचमनला बोलू नका, त्याला शिजवण्यातलं काय कळतंय!"

फोन खाली आला. पोरगा फोनची काच बाहीला पुसायला लागला.

"वाईट झाला?"

"चांगला झाला. पण... वॉचमन कुठला आता. काढलं मला."

रंजनाचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं?"

"तेच तोंडावर फेकायला आलो होतो. मग तू पैसे परत केलेस, अन् जीभ वळेना."

"आई काय म्हणाली?"

"घरी गेलोच नाही अजून. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"म्हणजे गाड्या माझ्यासाठी नाय सोडल्यास."

"पहिली नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दुसरी तुझ्यासाठीच."

मोखाड्याची पुढची गाडी फलाटाला लागली. रंजना उठली. असली लाज घेऊन ती घरी गेली असती, तर घास उतरला नसता तिला. तिनं सरळ त्याची बाही धरली.

"चल. तुझ्या आईला मी सांगते. नोकरी माझ्या चुकीनं गेली, पोराला बोलू नका म्हणते."

"आणि आईनं विचारलं, तू कोण लागतेस याची... तर?"

रंजना पायरीवर थबकली. कान पुन्हा तापले, पण बाही सोडली नाही.

"ते तू सांगायचंस. घाट उतरेपर्यंत ठरव."

"ठरलंय," कमलेश म्हणाला, आणि तिच्या मागोमाग चढला.