चावी नाही आली

काम साधंच होतं, पोरहो. टिकारामची मोटरसायकल अर्जुनी स्टेशनला नेऊन त्याच्याच चहाच्या टपरीवर उभी करायची आणि रात्रीची रेल्वे पकडायची. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या, रविवार. आपल्या लीलाधरासोबत घडलेलं आहे हे. याच ओट्यावर बसून त्यानं सांगितलं, पण सांगताना त्याची नजर रस्त्यावरून हलली नाही.

त्याचा दोस्त टिकाराम म्हणालाही होता, "आज कायले निघतं बे? रात थांब."

"उद्या रातची ड्युटी हाये."

"तेरवीचं जेवण अजून पोटात हाये, अन् तू निघाला!"

तेरवी त्याच्या मोठीमायची, थोरल्या काकूची, फुलवंताची. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं. विधवा बाई. नहराखालची धानाची एक बांधी, तेवढंच शेत तिचं.

लीलाधर वसईला कंपनीत. समुद्रकाठचं शहर. एकाच जिन्यात ख्रिस्ती म्हातारी, कच्छी दुकानदार, केरळची नर्स. भाषा सगळ्यांच्या वेगळ्या, पण घरमालक कुठलाही असो, विचारणार तेच. कुठले तुम्ही? किती जण? काय खाता? अकरा महिने झाले की बिऱ्हाड टेम्पोत. लीलाधर कंटाळला. तेव्हा मोठीमायनं बांधी विकली आणि पैसे त्याच्या स्वतःच्या घरासाठी दिले. बोली एकच होती.

"एक खोली मले पायजे, लीलू. खिडकीतून समुद्र दिसला पायजे."

"दिसंल ना."

"आपल्या इटियाडोह धरणाएवढा हाये का रे?"

"धा इटियाडोह बुडतीन त्याच्यात."

म्हातारी लहान पोरीसारखी हसली. त्याच दिवशी तिनं गठुडं बांधलं.

घर झालं. समुद्राकडची खोली पोरीला, नीतूला, अभ्यासाला दिली. बायको डिंपल म्हणाली, "त्या इथं येऊन फरशी शेणानं सारवतीन." दोघंही हसले. आणि फोनवर लीलाधर सांगायचा, "चावी नाही आली अजून, मोठीमाय. चावी आली की नेतो तुले."

दोन वर्षं तेच. म्हातारी गठुड्यावर डोकं ठेवून झोपायची. एसटी थांबली की उतरणाऱ्याला विचारायची, "लीलूची चावी आली का?" पोरं टिंगल करायची. तुमच्यातलेही काही होते.

मग शेजारच्या मंदाबाईनं भोळेपणानं मोबाइल दाखवला. गृहप्रवेशाचे फोटो. तोरण, कलश, खिडकीत समुद्र. म्हातारीनं खूप वेळ पाहिले. एवढंच म्हणाली, "मंग चावी आता मीच घेईन." त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं...

तर लीलाधर निघाला. नहराचा रस्ता. धरणाच्या पाण्यानं नहर तुडुंब. दोन्ही बाजूंना निसवलेला धान, वाऱ्याशिवाय उभा.

पुलापाशी गाडी जड झाली. मागे कुणी बसल्यासारखी. त्याला वाटलं, टायर बसला. उतरायला गेला...

खांद्यावर हात पडला.

ओला. हलका. ओळखीचा.

"चावी आली का रे, लीलू?"

त्यानं मागं पाहिलं नाही. गाडी बंद पडली. दिवा गेला. बेडूक गप्प झाले.

"आली का?"

"आ... आली, मोठीमाय."

"मंग दे."

खिशात घराची चावी होती. त्यानं ती मागं भिरकावली. नहरात पडल्याचा आवाज झाला. खांदा हलका झाला. गाडी आपोआप सुरू झाली.

स्टेशनपर्यंत तो रडत गेला.

वसईला पोचला, तर डिंपल आणि नीतू जिन्यात बसलेल्या. दुधाची पिशवी तशीच शेजारी. भोवती अख्खी इमारत.

"सकाळी दूध घ्यायले खाली गेलो दोघी," डिंपल म्हणाली. "वर येऊन पाहतो तं दार आतून बंद. माही चावी जाऊनच नाही राहिली भोकात. घरात कोणी नाही हो... पण कोणीतरी हाये."

या जिन्यातही शेजार तसाच. समोरची ख्रिस्ती म्हातारी गळ्यातला क्रूस घट्ट धरून उभी होती. कच्छी दुकानदार घामानं भिजला होता. नर्स भिंतीला टेकली होती. आतून बाई बोलते, तिघंही सांगत होते. काय बोलते? तिघांनी तेच शब्द म्हटले. आपल्या झाडीबोलीतले. ज्यांचा अर्थ तिघांनाही ठाऊक नव्हता.

लीलाधरनं दारावर हात ठेवला. "मोठीमाय, दार उघड. पोर बाहेर हाये वं."

त्यानं कपाळ दाराला टेकवलं. "मोठीमाय, माहं चुकलं."

आत पावलं वाजली. दारापर्यंत आली. थांबली.

"चावी नाही आली अजून, लीलू. चावी आली की नेतो तुले."

संध्याकाळी कुलूपवाल्यानं दार तोडलं. आत चिटपाखरू नाही. नवं दार लावलं, रात्री तेही आतून बंद. तिसरं लावलं, तेही. मग लीलाधरनं नाद सोडला. आता पुन्हा भाड्याच्या खोलीत राहतो. पुन्हा तेच, कुठले तुम्ही, किती जण, काय खाता.

पण पहिलं दार तोडलं, तेव्हा कुलपात आतल्या बाजूनं एक चावी लटकत होती. नहरात फेकलेली, तीच. तिला मोठीमायच्या विकलेल्या बांधीतली काळी माती लागलेली. ओली.

आणि त्या मातीत धानाचा एक कोंब. हिरवागार, बोटभर.