काळ्या पडद्यातलं दार

"डोळ्यांत मिरची गेली काय गो तुझ्या?"

वर्षालीने मान न उचलता समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. कामासाठी आलेलं गिऱ्हाईक टेबलापाशी आल्या आल्या डोळ्यांची चौकशी करतं, ही कुठली पद्धत बाई!

मालवणच्या बाजारपेठेतून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर महादूकाकांचं डीटीपी सेंटर होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कुरकुरणारा पंखा आणि टाइप करायला वर्षाली. साल दोन हजार सहा, लग्नसराईचे दिवस. सकाळपासून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे तीन शब्द तिने सात वेळा टाइप केले होते.

"बसा. काय करून हवंय?" तिने विचारलं. घरी तीही मालवणीच बोलायची, पण त्या खुर्चीत बसली की तिची भाषा आपोआप इस्त्री करून यायची.

"भयणीची लग्नपत्रिका. सगळा ह्या कागदार लिवलेला आसा."

आता मात्र तिने वर बघितलं. उन्हाने रापलेला चेहरा, खाऱ्या वाऱ्याने राठ झालेले केस, आणि हसला की खळी… तीसुद्धा एकाच गालावर. त्याचं नाव सर्वेश. दांडी किनाऱ्यावरच्या गुणाजी तांडेलांचा, म्हणजे मासेमारी ट्रॉलरच्या कप्तानांचा, भाचा, त्यांच्याच ट्रॉलरवर जायचा. वडील लहानपणीच गेले, तेव्हापासून मामानेच त्याला आणि त्याच्या बहिणीला, प्राजक्ताला, वाढवलं. म्हणून तर कागदावर निमंत्रकांत पहिलंच नाव होतं, श्री. गुणाजी तोडणकर. अक्षर तिरकं, पण ठसठशीत.

"डोळ्यांचा काय झाला, ता सांगूक नाय तू," तो म्हणाला.

"काही नाही. जागरण."

साफ खोटं! गेले दोन महिने दुपारचे तीन वाजले की तिचे डोळे चुरचुरायचे, अक्षरं एकमेकांवर चढायची आणि कपाळात घण बसायचे. पण बोलायची सोय नव्हती. महादूकाका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून म्हातारे झालेले. ते म्हणाले असते, "आम्ही उलटी अक्षरं वाचली आयुष्यभर, आमचे नाही गेले डोळे!" आणि आई, यमुनाबाई, मासळी बाजारात बसायची. ती म्हणाली असती, "सोड ती खुर्ची, घे पाटी. डोळे तरी शाबूत ऱ्हवतले." वर्षालीला पाटीची लाज नव्हती हो, पण ही खुर्ची तिने स्वतः शिकून मिळवली होती. शिवाय मार्चपासून तिच्या दोन चुका झाल्या होत्या, आणि काकांनी स्पष्ट बजावलं होतं, "तिसरी चूक झाली की घरी बसायचं."

सर्वेश वाकून स्क्रीनकडे बघत होता. "अगो, ह्यो पडदो बघ कसो पांढरोफटक आसा! आमच्या ट्रॉलरार मासे दाखवणारा मशीन आसा. तेचो पडदो असो पेटतो ठेवलो तर मामा बोंब मारता. तो काळो करतत, अक्षरां पांढरी. ह्यो करून बघू?"

"येतं तुम्हाला?"

"मशीन ता मशीन."

तिने माउस सोडला. त्याने सेटिंगमध्ये दोन-चार ठिकाणी चाचपडत टिचक्या मारल्या… आणि पडदा काळाभोर झाला. त्यावर पांढरी अक्षरं. वर्षालीच्या डोळ्यांवर कुणी ओला पदर ठेवावा तसं वाटलं.

"बरा वाटता?"

"होय… बरा वाटता," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तो खळी दाखवून हसला. इस्त्री मोडली ती मोडलीच.

पुढचे तीन दिवस सर्वेश रोज आला. एकदा हळदीची वेळ सांगायला, एकदा मुहूर्ताची वेळ बदलली म्हणून, आणि एकदा ती बदलली नाही हे सांगायला! काकांची खुर्ची तो घ्यायचा नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा, वर्षालीच्या पाठीमागे.

आणि इथे एक गंमत झाली. दार पश्चिमेला, बाहेर वैशाखाचं लखलखीत ऊन. पांढऱ्या पडद्यावर ते कधी जाणवलं नव्हतं, पण काळ्या पडद्याच्या काचेत अख्खं दार दिसायला लागलं. दारात सर्वेश. तिला मान वळवायचीही गरज नव्हती. तो तिच्या वेणीकडे बघत राहायचा, हिला काय कळतंय या समजुतीने, आणि ती समोरच्या काचेत सगळं बघायची.

"काम नाय तुका?" ती पडद्याकडे बघतच विचारायची.

"आसा की. तेच्यासाठीच उभो आसंय."

"पत्रिकेसाठी?"

"…तेच्यासाठी पण."

त्याने केसांतून हात फिरवला. तिने तो बघितला. बोटं कीबोर्डवर चालत होती, नजर काचेतल्या दारात होती. निमंत्रकांची नावं टाइप झाली. काकू, आत्या, मावश्या, त्यांचे यजमान… सगळी झाली असं तिला वाटलं.

प्रूफ काढून तिने त्याच्या हातात दिलं. "नीट वाच हां. सही केली की जबाबदारी तुझी."

"वाचतंय," म्हणत त्याने कागद धरला, आणि दोन मिनिटांनी खाली सही केली.

पत्रिका छापून आल्या. रीतीप्रमाणे पहिली देवापुढे, दुसरी मामाला. मामाने ती शेजारच्या शिकलेल्या सुनेकडून वाचून घेतली. निमंत्रकांत सगळे होते. गुणाजी तोडणकर नव्हते!

ज्याने वाढवलं, ज्याच्या हाताला धरून नवरीने बोहल्यावर जायचं, त्याचंच नाव गाळलं. मामा ओरडला नाही, काही नाही. पत्रिका उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "लग्नाक दुसरो मामा बघा."

अर्ध्या तासात ही बातमी दुकानात पोचली. महादूकाका लालबुंद. "वर्षाली! कागद काढ! काय लिहिलं होतं त्यात?"

कागद ड्रॉवरमध्ये होता, आणि पहिलंच नाव त्यात कुणाचं होतं हे तिला न बघता माहीत होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"तिची चूक नाय, काका. मीच मामाचा नाव लिवूक इसारलंय." सर्वेश धावत आला होता, छाती वरखाली होत होती. "कागद नको बघू. प्रूफावर सही पण माझी आसा."

वर्षालीने तोंड उघडलं. त्याने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं… आणि तिने ड्रॉवरवरचा हात मागे घेतला. सहीचं ऐकून काकांनीही पुन्हा कागद मागितला नाही. खुर्ची वाचली होती ना! त्या दिवशी तिला त्या खुर्चीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी आई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "ऐकलंस? गुणाजीन भाच्याक ट्रॉलरवरसून उतरवल्यान. म्हणता, जेका मामाचा नाव आठवणा नाय, तेका माझी होडी पण इसारांदे. हंगाम सरत इलो नि पोरगो घराक बसलो."

वर्षालीने पाणी घेतलं आणि डोळ्यांवर मारलं. परत मारलं. आज डोळे चुरचुरत होते ते स्क्रीनमुळे नव्हे.

चौथ्या दिवशी सुधारलेल्या पत्रिका आल्या. "चल गो," काका म्हणाले, "चूक कुणाचीही असो, नवी पत्रिका आपण हातात नेऊन द्यायची. आमची जुनी पद्धत आहे." वर्षालीने ड्रॉवर उघडला, तिरक्या अक्षराचा तो कागद पर्समध्ये टाकला आणि निघाली.

दांडीच्या किनाऱ्यावर माडाच्या सावलीत गुणाजी तांडेल जाळं विणत बसले होते. वीस पावलांवर सर्वेश दुसऱ्याच कुणाची तरी होडी रंगवत होता. मामाला रोज दिसेल अशी जागा त्याने निवडली होती, आणि मामा रोज त्याच्याकडे पाठ करून बसत होता.

काकांनी पत्रिका पुढे केली. मामाने बघितलीही नाही. "ठेव थंय. कागदार नाव घालून काय करू? भाच्याच्या मनात तर नाय."

"मनात होता, मामानू!"

वर्षालीचा आवाज तिलाच परका वाटला. सर्वेशचा ब्रश थांबला. तिने पर्समधून कागद काढला आणि जाळ्यावर ठेवला. "ह्या तेचा अक्षर. तुमचा नाव पयला. सगळ्यांत पयला. तो इसरूक नाय… मी गाळलंय. तो माझी खुर्ची वाचवूक खोटा बोललो."

काकांनी कागद बघितला, मग तिच्याकडे. "तिसरी चूक," ते हळूच म्हणाले.

"होय काका. तिसरी. माका ठाऊक आसा." डोळे भरले होते, पण तिने पुसले नाहीत.

मामाने कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी पहिल्या ओळीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग विचारलं, "ओळच्या ओळ गाळलंस कशी गो बाय?"

"डोळे दुखत होते. सर्वेशान पडदो काळो करून दिलो… तुमच्या मशीनीसारखो…"

"शिरा पडो तेच्या तोंडार!" मामा उसळला. "अरे मेल्या, पडदो काळो करतत तो रातीक! भर दिवसा उन्हाकडे पाठ करून काळो ठेवलस तर तेच्यात मासे दिसतत काय? पाठलाच सगळा दिसता!"

"दिसता," वर्षाली म्हणाली. तिची मान खाली गेली, कानांच्या पाळ्या तापल्या. पण आता थांबून चालणार नव्हतं. "पाठचा दार दिसत होता. आणि दारात… तो उभो होतो. मी तेका बघित ऱ्हवलंय."

महादूकाकांनी घाईघाईने टोपी सारखी केली.

मामा मात्र वळला. चार दिवसांनी पहिल्यांदाच भाच्याकडे तोंड केलं. "आणि प्रूफ कोणी वाचल्यान?"

"…मी," सर्वेश म्हणाला. निळा रंग ब्रशवरून त्याच्या पायावर ठिबकत होता.

"मगे तुका दिसूक नाय?"

"मी कागदाकडे बघूकच नाय, मामा."

"मगे खंय बघित होतस?"

सर्वेशने ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला. पण आत्ताही तो जिथे बघत होता, तिथेच मामाने आणि काकांनी बघितलं, आणि वर्षालीला पदर नाही म्हणून ओढणी डोळ्यांपर्यंत ओढावीशी वाटली.

आधी मामाच्या पोटात खदखद उठली, मग खांदे हलले, आणि मग तो असा हसला की शेजारच्या होडीवरचे कावळे उडाले. "चार दिवस मी जेवूक नाय बरोबर, आणि हेंचा ह्या चल्ला होता!" त्याने डोळे पुसले. ते नुसत्या हसण्याने ओले झाले नव्हते. "उद्या पाटे तीनाक होडयेर ये रे. आणि महादू, ह्या चेडवाक कामावरसून काढू नको हां. नायतर माझ्या घरातल्या फुडच्या लग्नाची पत्रिका कोण करतला?"

"तिच्याच लग्नाची तिनेच?" काका गुरगुरले, पण मिशीतल्या मिशीत हसत. "चौथी चूक झाली तर बघ!"

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः टेबल फिरवलं, दार बाजूला येईल असं. पडदा पुन्हा पांढरा झाला, पण उजेड बटणाने निम्म्यावर उतरवला. मामाचा निरोप होता, घटकाभर काम केलं की लांब समुद्राकडे बघायचं, तांडेलसुद्धा तेच करतात. आईने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, चष्मा लागला, आणि आईच म्हणाली, "शोभता गो."

प्राजक्ताचं लग्न होऊन आठ दिवसांनी दुपारी दारात सावली पडली.

"चष्म्यात बरी दिसतस," सर्वेश म्हणाला. बंदरावरून थेट आला होता, अंगाला खाऱ्या पाण्याचा वास. "पण माझा नुकसान झाला. आता तुझ्या पडद्यात मी दिसणंय नाय."

"नाय दिसत." ती टाइप करत राहिली. "आता तुका बघूचा तर मान वळवूक लागता. सगळ्यांक कळता."

"मगे?"

महादूकाका समोरच बसले होते. रस्त्यावरून मासळीची पाटी घेऊन यमुनाबाई येत होती. वर्षालीने हातातली ओळ पुरी केली, एकदा वाचून बघितली, आणि सगळ्यांसमोर मान वळवून त्याच्याकडे बघितलं.