माईंनी घातलेली घडी

मैथिलीने रुमालावरून चौथ्यांदा इस्त्री फिरवली. इस्त्री घरातली जुनी, कोरडी होती आणि तिचा काटा शेवटच्या खुणेवर, म्हणजे जवळजवळ दोनशे अंशांवर होता. रुमाल इतका तापला की त्याला बोट लावता येईना, एका कडेला तो पिवळटही पडला. पण वर्षभर कपाटात राहिल्यामुळे पडलेली घडीची रेघ अजून दिसतच होती. मग तिने तसाच दुसरा रुमाल घेतला आणि त्यावर नवी वाफेची इस्त्री टेकवली. तिच्यावर आकडा होता फक्त एकशे तीस. एकदाच फुस्स असा आवाज झाला आणि रेघ गेली.

जास्त तापलेल्या इस्त्रीला जे जमलं नाही, ते कमी तापलेलीला कसं जमलं?

ही गोष्ट २०५१ सालची, इचलकरंजीतली. वाफेच्या इस्त्रीचं ते यंत्र चौगुल्यांच्या घरी आठ दिवसांच्या चाचणीसाठी आलं होतं. खाली पाण्याची टाकी आणि वाफ तयार करणारा छोटा बॉयलर, त्यातून निघालेली लांब नळी आणि नळीच्या टोकाला हलकी इस्त्री. इस्त्रीच्या तळाशी एक बारीक डोळा होता. तो कापडाचे धागे तपासायचा आणि यंत्र साध्या मराठीत सांगायचं, हे सूत आहे, हे रेशीम आहे, इथे बटण आहे. घरच्यांनी वापरून पाहायचं आणि रोज निरीक्षणं लिहायची, एवढीच अट होती. लिहिण्याचं काम अकरा वर्षांच्या मैथिलीने आपणहून मागून घेतलं होतं.

दोन्ही रुमाल घेऊन ती आजोबांकडे गेली. तिचे आबा, डॉ. अविनाश चौगुले, तीस वर्षं धाग्यांचा अभ्यास करून निवृत्त झाले होते. त्यांना प्रश्न विचारला की उत्तराआधी एखादं काम मिळायचं. याही वेळी तसंच झालं. पहिल्या रुमालाच्या रेघेवर अगदी मधोमध पाण्याचा एकच थेंब टाकायचा आणि जुनीच इस्त्री फिरवायची, असं त्यांनी सांगितलं.

मैथिलीने तसं केलं. रेघ मधेच तुटली. जिथे थेंब पडला होता तिथे कापड सपाट झालं आणि दोन्ही बाजूंना रेघेचे तुकडे तसेच राहिले.

म्हणजे खरं काम पाण्याचं होतं तर. आबांनी मान डोलावली आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

सुती कापड सेल्युलोजचं (वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या बनतात, त्याचं) असतं, त्यांनी सांगायला सुरुवात केली. सेल्युलोजचे रेणू (पदार्थाचे गुणधर्म टिकवून ठेवणारे त्याचे सर्वांत लहान कण) लांबलचक साखळ्यांसारखे असतात. एका धाग्यात अशा असंख्य साखळ्या एकमेकींना खेटून असतात आणि हायड्रोजन बंधांनी (शेजारच्या रेणूंमधल्या हलक्या ओढीने) एकमेकींना धरून ठेवतात. एकेक बंध अगदी दुबळा असतो. पण लाखो बंध एकत्र आले की कापड आपला आकार सोडत नाही.

मैथिलीला भोंडल्याचा फेर आठवला. मुली एकमेकींचे हात धरून उभ्या आहेत आणि मधेच बारकी पोरं घुसली, तर काय होतं? मुली शेजारणीचा हात सोडून त्या पोरांचा धरतात आणि फेर ढिला पडतो. तिने हे बोलून दाखवलं, तेव्हा आबा खूश झाले. पाण्याचे रेणू नेमकं हेच करतात, ते म्हणाले. ते साखळ्यांच्या मधे शिरतात, साखळ्या एकमेकींना सोडून पाण्याला धरतात आणि सरकायला मोकळ्या होतात. तेवढ्यात इस्त्रीने त्यांना सपाट केलं आणि उष्णतेने पाणी उडून गेलं, की त्या पुन्हा एकमेकींना धरतात, पण नव्या जागी.

"मग दोरीवर वाळत घातलेले ओले कपडे आपोआप सपाट का होत नाहीत?" मैथिलीने विचारलं. "त्यांच्यात तर पाणीच पाणी असतं."

"पाणी फक्त हात सोडवतं," आबा म्हणाले. "कुठल्या आकारात पुन्हा धरायचे, ते त्याला ठाऊक नसतं. कापड चुरगळलेलं असताना पाणी निघून गेलं, तर चुण्याच पक्क्या होतात. कपाटातल्या घडीचंही तेच. पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, हात थोडे सुटतात, आणि हवा कोरडी झाली की वाकलेल्या जागीच पुन्हा धरले जातात."

वाफ पाण्यापेक्षा सरस का, तेही त्यांनी सांगितलं. थेंब वरच्या वर पसरतो. वाफेत पाण्याचे रेणू सुटे असतात, म्हणून ते धाग्यात खोलवर जातात. शिवाय त्यांच्यात सुप्त उष्णता (पाण्याची वाफ होताना तिच्यात साठणारी आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता) असते. ती थेट धाग्यात उतरते. म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट. आपल्याला जो पांढरा धूर दिसतो, ते बारीक थेंब असतात. खरी वाफ त्याच्या अलीकडे, इस्त्रीच्या भोकांना लागून असते आणि ती दिसत नाही. तिथे हात न्यायचा नाही, हे आबांनी दोनदा बजावलं.

शुक्रवारी मृण्मयी आत्या पुण्याहून आली. रविवारी कोल्हापूरला तिचा पदवीदान समारंभ होता आणि तिथे तिला माईंची साडी नेसायची होती. माई म्हणजे तिची आई, मैथिलीची आजी. मैथिली दोन वर्षांची असताना त्या गेल्या होत्या. त्यांची सुती इरकल साडी नऊ वर्षं मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आत्याने ती काढून हलकेच उलगडली. घडीच्या रेघा इतक्या खोल होत्या की साडी टेबलावर सपाट बसेना.

यंत्र वापरायची ही चांगलीच संधी आहे असं वाटून मैथिली धावत यंत्र घेऊन आली. पण आबा दारात उभे होते.

"हिला वाफ देऊ नका," ते म्हणाले. "ही घडी तिच्या हातची आहे."

आत्याने साडीवरचा हात काढून घेतला. दुसरी साडी नेसेन, असं म्हणून ती आत निघून गेली. मैथिली मात्र जागेवरच उभी राहिली. माई तिला आठवत नव्हत्या. त्यांचे फोटो होते, पण आबांसाठी या साडीवरची रेघ म्हणजे माईंच्या हातांनी स्वतः केलेली खूण होती. वाफ दिली की साखळ्या हात सोडणार, नव्या जागी धरणार, आणि ती खूण पुन्हा कधीच परत येणार नाही. कालपर्यंत गंमत वाटलेलं ते ज्ञान तिला आता जड वाटू लागलं.

संध्याकाळी साडी पुन्हा गुंडाळण्याआधी तिने यंत्राला ती नुसती दाखवली. वाफ बंद होती. कापड कसलं आहे, एवढंच वहीत लिहायचं होतं. यंत्र म्हणालं, "सूत. घडीच्या रेषेवर दर दहापैकी तीन धागे झिजलेले आहेत."

तिने दुसरी रेघ दाखवली. तिथे चार धागे झिजलेले निघाले. रेघांच्या मधलं कापड मात्र ठणठणीत होतं.

ती आबांकडे गेली. कसं सांगावं हे तिला कळेना, म्हणून यंत्र जे म्हणालं ते जसंच्या तसं सांगितलं. आबांनी कपाटातून भिंग काढलं आणि साडी दिव्याखाली धरून ते बराच वेळ पाहत राहिले. मग खुर्चीत बसले.

"हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेन," ते हळू आवाजात म्हणाले. "एकाच जागी वाकून राहिलेला धागा तिथेच तुटतो. घडी दर सहा महिन्यांनी बदलायची असते. घरची साडी मात्र मी नऊ वर्षं उघडून पाहिली नाही."

"अजून काही वर्षं तशीच ठेवली तर?" मैथिलीने विचारलं.

"तर घडी राहील आणि साडी जाईल."

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः आत्याला हाक मारली. टेबलावर जाड चादर अंथरली. इस्त्री आबांच्या हातात होती, साडीचे काठ आत्याने धरले होते आणि मैथिली टाकीतलं पाणी बघत होती. पहिल्या रेघेवर इस्त्री टेकताच यंत्राने वाफ थांबवली. धागे कमजोर आहेत, दाब देऊ नका, असं ते सांगू लागलं. आबांनी इस्त्री उचलली आणि कापडापासून चार बोटं वर धरून नुसती वाफ सोडली. रेघेवर ओलसरपणा आला, कापड सैलावलं. इस्त्री बाजूला ठेवून त्यांनी तळहाताने ते हळूहळू सपाट केलं आणि वाळेपर्यंत हात तसाच ठेवला.

एकेका रेघेला पाच-सात मिनिटं लागत होती. तिसऱ्या रेघेला आबा एकदम थांबले आणि हसले. ही रेघ दोन बोटं तिरकी होती. माईंची घडी नेहमी अशीच तिरकी यायची, त्यावरून आपण लग्नानंतरची पंधरा वर्षं भांडलो, मग सोडून दिलं, असं ते सांगू लागले. हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. ती ऐकत राहिली. मैथिलीने वहीत त्या तिरक्या रेघेचं माप लिहून घेतलं: शेजारच्या रेघेपासून एका काठाशी बारा बोटं, दुसऱ्या काठाशी चौदा. आबांनी ते पाहिलं आणि मग वाफ सोडली.

रविवारी आत्या ती साडी नेसून मंचावर गेली. झिजलेल्या जागा शक्य तितक्या निऱ्यांमध्ये येतील, अशी काळजी तिने घेतली होती. आबा पहिल्यापासून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर साडीची घडी घालायचं काम मैथिलीकडे आलं. जुन्या रेघा टाळून, मधल्या ठणठणीत कापडावर तिने नव्या घड्या घातल्या आणि पुढची घडी बदलायची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिली. मग चाचणीची वही पूर्ण करायला बसली. लिहिता लिहिता तिने विचारलं, सुटलेले हात पुन्हा धरता येतात, तर झिजून तुटलेल्या साखळ्या पुन्हा जोडता येतील का?

आबांनी चष्मा काढून पुसला. चार-पाच प्रयोगशाळांमध्ये लोक त्याच्या मागे लागले आहेत, ते म्हणाले, पण अजून कुणालाच ते साधलेलं नाही.

मैथिलीने वहीचं नवं पान उघडलं, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि पहिल्या प्रयोगासाठी काय काय लागेल, ते ती आबांना विचारू लागली.