सिगफास्टचे डोळे कोणी मिटले?

सरदार सिगफास्ट होड्यांच्या छपरीत मेलेला सापडला. प्रेताजवळ त्याचा गुलाम काल्मान होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यालाच फासावर द्यायचं ठरलं. गुलामाच्या बाबतीत पुरावा कोण शोधत बसतो?

हाल्डोरा शोधत होती. त्या खाडीकाठी सगळा कायदा तोंडपाठ असलेली ती एकटीच म्हातारी. मागून तिचा भाचा बेर्सी धापा टाकत येत होता.

"आत्या, एका गुलामासाठी एवढे पाय कशाला झिजवतेस?"

"तुझं डोकं झिजत नाही ना, म्हणून."

काल्मानला खांबाला बांधलं होतं.

"जेवायला बोलवायला गेलो, बाई. डोळे मिटलेले होते. वाटलं, धनी निजलेत. हलवलं तर हाताला रक्त लागलं."

"तिथे आणखी काय होतं?"

"बूट. ओल्या कातड्याचा, एकच. धनी स्वतः शिवत होते."

बेर्सीला हसू आलं. "सरदार चांभारकी करत होता?"

हाल्डोरा हसली नाही.

शेजारचा शेतकरी स्वार्टिंग याचं सिगफास्टशी कुरणावरून वैर होतं.

"प्रेत फळीवर घालून मीच आणलं," तो म्हणाला. "डोळे, नाकपुड्या आधीच मिटलेल्या होत्या, म्हणून हात लावला. जो मिटवतो त्याच्या गळ्यात सूड घ्यायचं काम येतं. मला माझी भांडणं पुरेत! आणि मेल्यानं तीन वर्षांचा बैल कापला, दारू गाळली, पण शेजाऱ्याला बोलावणं नाही."

सिगफास्टचा धाकटा भाऊ एविंड दारातच भेटला.

"मी दिवसभर वरच्या कुरणात होतो. आलो तेव्हा दादाला झाकून ठेवलं होतं. मी जवळही गेलो नाही."

"डोळे कोणी मिटले?"

"मिटले असतील कोणीतरी. त्या गुलामाला लटकवा आणि मोकळे व्हा."

"सिगफास्टच्या रक्ताचं आणखी कोण आहे?"

"मी एकटा."

दुपारी सभा भरली. दोर तयार होता. हाल्डोरा उभी राहिली.

"गुलाम बाईच्या पोटचा मुलगा आपला म्हणायचा, तर बाप तीन वर्षांचा बैल कापतो, दारू गाळतो, त्याच कातड्याचा बूट शिवतो. त्यात आधी बाप पाय घालतो, मग मुलगा, मग वारस. सिगफास्टला कोणता मुलगा घरात घ्यायचा होता?"

सगळ्यांच्या माना काल्मानकडे वळल्या. तो खाली बघत होता.

"मुलगा घरात आला तर वारसा जाऊन नुकसान कुणाचं होतं, ते सांगायला नको," ती म्हणाली. "पण नुकसान म्हणजे खून नव्हे. काल्मान तिथे पोचला तेव्हा डोळे मिटलेले होते."

"असं तो म्हणतो!" एविंड ओरडला.

"गुलामाला सुडाचा हक्क नाही, म्हणून डोळे मिटणं हे त्याचं काम नव्हे. शेजारी त्या कामाला भितो. ते करतो रक्ताचा माणूस, आणि चारचौघांत अभिमानानं सांगतो. इथे करणारा लपून बसलाय. का? तो तिथे होता हेच त्याला सांगता येत नाही. आणि कायद्यानं रक्ताचा माणूस तर एकच आहे."

"पण आत्या," बेर्सी पुटपुटला, "मारणारा डोळे कशाला मिटेल?"

उत्तर एविंडनंच दिलं. "तो माझ्याकडेच बघत होता. आईनं शिकवलं होतं, भावाला तसं टाकून जायचं नाही."

सभेनं त्याला देशाबाहेर घालवलं. काल्मानचे दोर सुटले. तो मनगटं चोळत हाल्डोरापाशी आला.

"बाई, आता मी कुणाचा?"

बूट कुणी घातलाच नव्हता, आणि बाप मेला होता. त्यापुढचं कायद्यात नव्हतं. सगळा कायदा तोंडपाठ असलेल्या त्या म्हातारीनं आपल्या बाकावर थोडं सरकून त्याच्यासाठी जागा केली.